मुठीवर भाजलेला बांगडा

ही गोष्ट कुणाला खरी वाटायची नाही, लावा पैज. मालवणच्या धक्क्यावर सांगितली तर माणसं मासळीचा लिलाव टाकून हसत बसतील. मसुऱ्यात सांगितली तर ‘थांबा, इनासियाक विचारून येतंव’ म्हणत उठून जातील. खुशाल विचारा! इनासिया एक अक्षर इकडचं तिकडे न करता हेच सांगेल, फक्त आवाज चौपट चढवून.

इनासिया मासे विकते. पहाटे धक्क्यावर बर्फात कोपरापर्यंत हात घालून मासळी निवडायची, पेटीत थर लावायचे, पेटी मोटारसायकलच्या पाठीवर आवळायची आणि कधी मसुरे, कधी धामापूर, दारोदार फिरायचं. उभा जन्म बर्फात हात घातलेली बाई. बोटं पांढरी पडायची आणि मग मेल्यागत व्हायची. ब्रेक दाबताना वाटायचं, शेजारणीची बोटं उसनी आणलीत.

मोटारसायकल तिच्या मुलाची, सॅविओची. तो मनालीच्या हॉटेलात होता तेव्हा तिथल्या थंडीसाठी त्यानं हँडलला गरम होणाऱ्या मुठी बसवून घेतल्या होत्या. पुढे तो जहाजावर गेला, गाडी आईकडे राहिली. पहिल्या दिवशी इनासियेनं ते बटण दाबलं आणि काही वेळानं रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून नुसती बसून राहिली. कुणीतरी तिचे दोन्ही हात हातात घेतल्यासारखं झालं होतं.

गाव मात्र लोळून हसला. ‘हय घामान माणसां मरतत आणि हिका गरम मुठी होयत!’ हसणाऱ्यांपैकी एकानंही बर्फाच्या पेटीत कधी बोट बुडवलं नव्हतं, हे इनासिया ज्याला त्याला ऐकवायची.

आणि मग उजवी मूठ थंड पडायला लागली. डावी ऊबदार, उजवी प्रेतासारखी. बरोब्बर ब्रेकचा हात! धामापूरच्या तळ्याजवळच्या वळणावर बोटं वळलीच नाहीत आणि गाडी इनासियेसकट केळीच्या बागेत घुसली. दोन सुरमया उडून केळीच्या घडाला अशा लटकल्या, की बागवाल्याला वाटलं, या खेपेला पीक काही वेगळंच आलंय.

तिचा नवरा बाप्तिस्त हसला नाही. त्याचा चेहरा उतरला होता. “पुरे झाला,” तो म्हणाला. “दोडामार्गाक एक गिऱ्हाईक आसा. आयतवारी चर्चात मिस्सा झाली की तो येतलो आणि गाडी घेवन जातलो. तू घरात बस.”

घरात बस! इनासियेच्या डोक्यातून वाफ निघाली. “मूठ दुरुस्त झाली तर?”

“झाली तर बघूया. पण आयतवारच्या आधी.”

म्हणून ती दीपेशच्या गॅरेजात गेली. दीपेशनं गाडी स्टँडवर घेतली, बटण दाबलं, उजव्या मुठीवर पंजा ठेवला. “गरम आसा की, काकी!”

“हयसर आसा. रस्त्यार नाय.”

“मगे खारो वारो. समुद्राकाठी वायरींका गंज येतलोच.”

“मेल्या, खारो वारो काय फक्त उजव्या हाताक लागता? माझ्या डाव्या मुठीक काय वेगळो समुद्र आसा?”

दीपेशनं कसलासा फवारा मारला, फ्यूज काढून फुंकला, परत बसवला. वाटेत मूठ पुन्हा थंड. ती पुन्हा गॅरेजात. पुन्हा स्टँड, पुन्हा पंजा, पुन्हा ‘गरम आसा की’. आणि या खेपेला दीपेशनं समोर टोपली घेऊन बसलेल्या हौसाबाईला ऐकू जाईल अशा बेतानं पुस्ती जोडली, “वय झाल्यार बायकांका असो भास होता.”

भास! हा शब्द इनासियेनं घरापर्यंत दातांत धरून नेला. जेवताना चावला, झोपताना चावला. खारा वारा म्हणे, भास म्हणे. स्वतःला सापडत नाही हे सोडून मेल्याला सगळं सुचतं!

शनिवारी ती गॅरेजात आली ती हातात केळीच्या पानाच्या दोन पुड्या घेऊन. हौसाबाई टोपली सोडून पुढे सरकली.

“दीपेश, हयसर ये. सकाळी दोन्य मुठींर एकेक बांगडो बांधलो. पानात गुंडाळून, वर सुतळी. मसुऱ्याक जावन इलंय. आता बघ.”

तिनं डावीकडची पुडी सोडली. आत बांगडा असा खरपूस, असा तांबूस, की गॅरेजातला ऑइलचा वास पळाला आणि रस्त्यावरची दोन मांजरं उंबऱ्यात येऊन बसली. मग उजवीकडची पुडी सोडली. आत कच्चा बांगडा, डोळे वटारलेला, अंगावर बर्फाचा खडा तसाच.

“सांग, बांगड्याक पण भास झालो?”

दीपेश एकदा या बांगड्याकडे बघे, एकदा त्या. मग त्यानं हट्टानं गाडी स्टँडवर चढवली, उजव्या मुठीच्या वायरीत मधेच टेस्टचा बल्ब जोडला आणि बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला. “बघा! करंट जाता.”

“गाडी उभी आसा रे!” इनासिया कडाडली. “रस्त्यार मी करतंय आणि तू हयसर एकदा पण करूक नाय, ता काय?”

“काय?”

“रेस देतंय, रेस! डावी मूठ गपचूप बसान रवता. उजवी मी दिवसभर पिळतंय!”

तिनं त्याचा पंजा धरला, मुठीवर दाबला आणि करकचून पिळला. बल्ब विझला. सोडला, पेटला. पिळला, विझला. दीपेश हात ओढून घेऊ लागला. इनासिया मात्र पिळतच राहिली, पेटव, विझव, पेटव, विझव. जणू आजवर हसलेल्या एकेकाचा कान तिच्या हातात आला होता.

“काकी, सोडा, माझो हात मोडतलो!”

मुठीच्या बुडाशी वायर सापडली. बसवणाऱ्यानं ती ताणून हँडलला बांधली होती. दर पिळीला हिसका बसून आतलं तांबं तुटलेलं, वरचं प्लॅस्टिक मात्र धड. रेस सोडली की तुटकी टोकं एकमेकांना टेकायची, दिली की सुटायची. गंजाचा ठिपकाही नव्हता.

“खारो वारो,” इनासिया शांतपणे म्हणाली. ते ओरडण्याहून वाईट होतं.

दीपेशनं मान खाली घालून तुटकी वायर जोडली, कथलाचा डाग मारला आणि या खेपेला मूठ फिरायला पुरेल एवढी ढील ठेवली. मग स्वतःच मूठ पिळून बघितली. बल्ब पेटलेलाच राहिला, लुकलुकलाही नाही.

इनासियेनं तिथूनच फोन लावला. “बाप्तिस्त, त्या दोडामार्गवाल्याक सांग, येव नको. मूठ बरी झाली. सोमवारी मी धामापुराक जातंय. होय, हळू जातंय. होय, वळणार पण!”

फोन ठेवून ती गर्रकन वळली. “हौसाबाय, तूच सांग आता सगळ्यांका. भास कोणाक झालेलो ता!”

पण हौसाबाईचं तोंड भरलेलं होतं. भाजलेला बांगडा तिच्या हातात होता आणि त्याची पाठ नाहीशी झाली होती. तिनं काटा बाजूला काढला, बोटं चाटली, उरलेला बांगडा उजेडात धरून उलटसुलट केला.

“सांगतंय गो, सगळ्यांका सांगतंय. वायर तुटलेली ती खरी, तुझे हात गारठतत ता पण खरा. पण इनासिया, मुठीर भाजलेल्या बांगड्याक रवो कोणी लायलो गो?”