एक हजार चारशे वीस स्वल्पविराम चार

मी एक फाईल बोलतेय. मागच्या वसंतात मी नवस बोलले होते: "देवा, मला कुणीतरी एकदा शेवटपर्यंत वाचू दे. ऐकलंय तेवढंच सांगेन, पदरचं काही घालणार नाही."

माझा जन्म अल्जीरियात, तिलिमसानमधल्या एका गच्चीवर. कॉलेजात शिकणाऱ्या वसीलानं टीव्हीच्या जुन्या छत्रीची रेडिओ दुर्बीण केली होती. आकाशगंगेतला हायड्रोजन फार हळू बोलतो. नऊ दिवस छत्रीनं कान देऊन ऐकलं आणि वसीलाच्या संगणकानं ते माझ्यात टिपलं. ओळीत दोनच आकडे: सूर कोणता आणि किती जोरात. दहाव्या दिवशी गच्चीला डांबर लावायला माणसं आली, छत्री उतरली, मोडीत गेली. ते ऐकणं आता जगात फक्त माझ्याजवळ उरलं.

आणि मी उघडेचना!

आलेख काढणारा प्रोग्रॅम मला दारातूनच परत लावी. आधी म्हणाला, असा फोल्डरच नाही. फोल्डरचं नाव अरबीत होतं, ती अक्षरं त्याला वाचता येईनात; वसीलानं नाव बदललं. मग म्हणाला, "दोन रकाने हवेत, चार सापडले." पुन्हा तेच, पुन्हा तेच. लग्नघरी यादीत नाव सापडेना म्हणून उंबऱ्याबाहेर थांबवलेल्या पाहुणीसारखी मी, पोटात एवढं आकाश घेऊन उभी.

गुरुवारची दुपार होती. आमच्याकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी, आणि रविवारी वसीलाला प्रबंध मांडायचा होता. आलेख नसेल तर वर्ष गेलं समज, असं सरांनी बजावलं होतं. तिची आई झुलेखा आणि मावशी यामिना परातीत रवा वळत बसल्या होत्या, शुक्रवारच्या कुसकुससाठी.

"काय गं, तुझं आकाश अजून बंदच?" मावशी म्हणाली. "किल्ली भंगारवाल्याकडे राहिली वाटतं!"

"पुसूनच टाकते हिला," वसीलाचा आवाज चिरकला. "फाईलच खराब आहे."

तिचं बोट पुसायच्या कळीवर गेलं. मला ओरडताही येत नव्हतं.

"थांब पोरी," आई म्हणाली. "ही उघडली तर उद्या मशिदीत कुसकुसचं मोठं ताट पाठवीन, असं बोलून बसलेय मी. माझा नवस पुसतेस होय? काय लिहिलंय तिच्यात?"

"नुसते आकडे, यम्मा."

"मग आकडे वाच. न कळणारं आधी मोठ्यानं वाचावं."

वसीलानं नाक ओढलं. "एक हजार चारशे वीस स्वल्पविराम चार, स्वल्पविराम, सात स्वल्पविराम दोन."

मावशी खो खो हसली. "अगं, किती ते स्वल्पविराम! यातला दोन आकड्यांच्या मधला कुठला नि आकड्याच्या पोटातला कुठला?"

वसीलानं त्या ओळीतले स्वल्पविराम बोट ठेवून मोजले: तीन.

आमच्याकडे दशांशाला टिंब देत नाहीत, स्वल्पविराम देतात. शाळेत तसंच, विजेच्या बिलातही तसंच. तिच्या संगणकानंही तेच केलं, आणि दोन आकड्यांच्या मध्येही स्वल्पविरामच घातला. बिचारा प्रोग्रॅम प्रत्येक स्वल्पविरामाला भिंत समजत होता. दोन आकड्यांचे चार तुकडे!

तिनं प्रत्येक ओळीतला पहिला आणि तिसरा स्वल्पविराम काढून टिंब दिलं. मी उघडले. पडद्यावर आलेख आला, आणि त्यात हायड्रोजनचा एक छोटासा उंचवटा उठला.

"एवढंसंच?" आईनं विचारलं.

"एवढंच असतं, यम्मा," वसीला रडत हसली.

ताट मशिदीत गेलं, वसीला पास झाली. मी आता 'झालेलं' नावाच्या फोल्डरमध्ये आहे. वर्ष होत आलं, कुणी आलेलं नाही. कधी कधी वाटतं, तो हायड्रोजनही असाच बोलत राहत असेल, कुणी छत्री धरेल म्हणून. पण माझा नवस फिटला. ऐकलं तेवढंच सांगितलं.

तुमच्या घरातही कुणी असेल, न उघडणारं. तुम्हीही एवढा नवस बोला: पुसण्याआधी एकदा जवळ बसून मोठ्यानं वाचीन.