मिशाळाचं पुसलेलं भाषण

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, आणि मी मत्सरी आहे. दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. म्हातारपणी स्वभाव मवाळ होतो म्हणतात. माझा काही झाला नाही.

तुमच्यापैकी कित्येकांनी मला पाहिलंही नसेल. एखाद्या जाड पुस्तकाएवढं काळं अंग, आत दोन दातेरी चाकं आणि त्यांवर गुंडाळलेली तपकिरी फीत, एवढाच माझा संसार. कारखान्यात माझ्यावर कुंगफूचा एक कार्टून सिनेमा भरला गेला. तो भरून झाल्यावर माझ्या पाठीच्या कडेवरचं एक छोटं पातं मोडून टाकलं. ते मुद्दामच मोडतात. तिथे खाच दिसली की मला चालवणारं यंत्र ओळखतं, हिच्यावर दुसरं काही भरायचं नाही. ही खाच लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यापाशीच झाला.

मी ज्या घरात आले तिथे चार माणसं होती. आई दवाखान्यात परिचारिका होती, बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, दादा दहा वर्षांचा होता आणि धाकटी सहा वर्षांची. घर दोन खोल्यांचं. टीव्हीखालच्या फळीवर माझी जागा होती आणि त्या फळीवर मी एकटीच होते. ते माझे राणीचे दिवस.

सिनेमा म्हणाल तर अगदी साधा. मठात वाढलेला एक पोरगा, त्याचा लढायचा लाकडी दंड, त्याचे म्हातारे गुरुजी, आणि त्या सगळ्यांच्या मुळावर उठलेला दुष्ट. दुष्टाच्या मिशा छातीपर्यंत लोंबायच्या म्हणून मुलांनी त्याचं नाव ठेवलं मिशाळ. असा खलनायक तुम्ही शंभर वेळा पाहिला असेल. दार उघडं असलं तरी लाथ मारूनच आत येतो. नायकाला खांबाला बांधतो, आणि मारायचं सोडून भाषण देत बसतो. तोवर नायक दोरी सोडवतो. शेवटी स्वारी कड्यावरून खाली जाते, आणि जातानाही हसतच असते.

दादाला लाथांचं वेड लागलं. तो पलंगावरून उड्या मारायचा, पडायचा, गुडघे फोडून घ्यायचा. त्याचं कौतुक कोणी केलं नाही. उलट स्टुलाचा पाय मोडला म्हणून बोलणीच खाल्ली. धाकटी मात्र आईची ओढणी नाकाखाली मिशीसारखी धरायची आणि मिशाळाचं ते भाषण अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवायची. एवढीशी पोर, पण आवाज असा काढायची की शेजारच्या काकू हसून हसून डोळे पुसायच्या. घरी कोणी आलं की बाबा सांगत, "धाकटे, होऊन जाऊ दे!" एकदा तर एक पाहुणे म्हणाले, "ती कॅसेट बंद करा हो, आम्हाला पोरीचंच ऐकायचंय."

बंद करा! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. भाषण माझं, मिशाळ माझा, आणि टाळ्या त्या दात पडलेल्या पोरीला. पण त्या दिवशी जळणारी मी एकटीच नव्हते. दारापाशी दादा उभा होता. त्याने त्याच आठवड्यात एका पायावर गिरकी घेणं जमवलं होतं आणि ती दाखवायला तो केव्हाचा थांबला होता. त्याच्याकडे कोणी पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात दादा एकटाच होता. त्याने आईच्या पेटीतून जखमेवर लावायची पांढरी चिकटपट्टी काढली, कात्रीने नखाएवढा तुकडा कापला आणि माझ्या खाचेवर दाबून बसवला. खाच बुजली तशी यंत्राची फसगत झाली. मग त्याने मला पुढेमागे फिरवून नेमकं ते भाषण गाठलं आणि लाल बटण दाबलं. टीव्हीवर तेव्हा बातम्या चालू होत्या. त्या माझ्यावर भरल्या गेल्या आणि माझं सव्वा मिनिट पुसलं गेलं. मित्रांनो, आता खरं सांगायला हवं. मला दुखलं, पण त्याहून जास्त गार वाटलं. म्हटलं, आता बघू ती काय म्हणते.

रविवारी सगळे जमले. मिशाळाने नायकाला बांधलं, डोळे वटारले आणि गरजला, "मरण्याआधी माझ्या सुडाचं कारण ऐक!" आणि लगेच निळ्या साडीतल्या बाई पडद्यावर येऊन म्हणाल्या, "उद्या आकाश अंशतः ढगाळ राहील." क्षणभर सगळे हसले. मग बाबांनी विचारलं, "हे कोणी केलं?" घरात बटणांशी चाळा करण्याची खोड एकटीलाच होती. सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं.

"मी नाही केलं," ती म्हणाली.

"मग काय मिशाळाने केलं?" बाबा म्हणाले. "हिच्या हातात यंत्र द्यायचं नाही, सांगून ठेवतो."

दादा खाली बघत राहिला. मला सगळं ठाऊक होतं, पण मला तोंड कुठे होतं? आणि असतं तरी मी उघडलं असतं का, याची आज मला खात्री देता येत नाही. आधी ती नाही नाही म्हणत रडली. पण सहा वर्षांच्या पोरीला सगळं घर रोज तेच ऐकवू लागलं तर ती किती दिवस टिकणार? महिन्याभरात तिलाही वाटू लागलं, की आपणच दाबलं असेल. तिने मिशाळाचा आवाज काढणं सोडून दिलं. पाहुण्यांनी आग्रह केला तर ती स्वयंपाकघरात निघून जायची. भाषणातले शब्दही हळूहळू सगळेच विसरले.

वर्षं गेली. माझं यंत्र बिघडलं, फळी गेली, मी एका खोक्यात तीस वर्षं काढली. बुरशीचा वास, वर तुटका पंखा, शेजारी मुकी इस्त्री. मग परवाच्या रविवारी दुपारी दादाने खोकं उघडलं, मला फडक्याने पुसलं आणि नव्या टीव्हीसमोर ठेवलं. हा टीव्ही भिंतीएवढा आणि अंगाने चपट्या पापडासारखा. त्याला फीत नाही, चाकं नाहीत, गुंडाळावं लागत नाही. आणि त्याच्यावर लागला होता माझाच सिनेमा! धुऊनपुसून चकचकीत केलेला. मिशाळाच्या मिशीचा केस न् केस मोजता येत होता. माझा जळफळाट काय सांगू? जन्मभर मी त्याला पोटात सांभाळला, आणि मिरवायला हा.

धाकटी आली. ती आता दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करते, आणि कुठलंही बटण दाबण्याआधी तीनदा बघते. दोघं चहाचे पेले घेऊन बसली.

"अरे, दार उघडंच आहे की! लाथ कशाला मारतो?" ती हसली.

"आणि भाषण कशाला देतो? मारून मोकळा हो ना," दादा म्हणाला.

तेवढ्यात ती जागा आली. निळ्या साडीतल्या बाई आल्या नाहीत. मिशाळ बोलतच राहिला. "मठात आधी मी आलो. अंगण मी झाडलं, पाणी मी भरलं. पण दंड मिळाला तुला! मी उडी मारायचो तेव्हा गुरुजी तुझ्याकडे बघत असायचे!"

"एवढंच?" धाकटी म्हणाली. "तीस वर्षं मी विचार करत होते, याचं एवढं काय बिनसलं असेल. हा तर नुसता जळत होता, मेला."

दादा हसला नाही. तिने कौतुकाने मला उचललं, उलटं केलं, आणि तिचा अंगठा माझ्या पाठीवर थांबला. पट्टी पिवळी पडली होती, पण जागेवर होती. यंत्रांच्या बाईला आणखी काय सांगावं लागतं?

"दादा, ही खाच बुजवल्याशिवाय हिच्यावर काही भरताच येत नाही," ती हळू म्हणाली. "नुसतं बटण दाबून काही झालं नसतं. आणि ही पट्टी आईच्या पेटीतली आहे. ती पेटी वरच्या फळीवर असायची. माझा हात पोचत नव्हता तिथे."

दादाने टीव्ही थांबवला. "मी केलं," तो म्हणाला. "मला गिरकी जमली होती गं. कोणी बघितलंच नाही."

"मला माझंच खरं वाटेनासं झालं होतं, दादा. अजूनही काही बिघडलं की वाटतं, माझ्याच हातून झालं."

मग तिने नखाने ती पट्टी सोलून काढली आणि त्याच्या नाकाखाली चिकटवली.

"ऊठ. आता ते भाषण तू म्हण. सगळं, अथपासून इतिपर्यंत. मी बघतेय."

चाळिशीचा, पोट सुटलेला दादा उठला आणि मिशाळाचं भाषण म्हणू लागला. 'तुझ्याकडे बघत असायचे' या शब्दांवर त्याचा आवाज फुटला. मग तिने त्याला गिरकी घ्यायला लावली. तो धडपडून सोफ्यावर पडला, आणि धाकटीने टाळ्या वाजवल्या. रडतच वाजवल्या.

जाताना धाकटी मला पिशवीत घालून आपल्या घरी घेऊन आली. आता माझी खाच पुन्हा मोकळी आहे. माझ्यावर कोणाला काही भरता येणार नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तर मी सांगणारच. पण मिशाळाला हसलात तरी त्याचं भाषण पूर्ण ऐका. तो दुष्ट होता आणि फार लांबण लावायचा, पण आपल्याला काय खुपतंय ते समोरच्याच्या तोंडावर सांगत तरी होता. दादाला आणि मला तेवढंही जमलं नाही, आणि त्याची किंमत मोजली एका पोरीने. तुम्हाला कोणाचं कौतुक खुपलं, तर खुपलं म्हणा. मी आजपासून सुरुवात केली आहे. तो भिंतीवरचा चपटा टीव्ही मला अजिबात आवडत नाही.