कपाटामागचा पीळ

राउटरच्या पानावरचे आकडे पाहिले आणि दोष कुठला ते मीटरकाकांना लगेच कळलं. चेहरा मात्र त्यांनी कोरा ठेवला. तीस वर्षं लोकांच्या टेलिफोनच्या लाईनी तपासून एवढं तरी त्यांना जमत होतं.

"बाबा, नेटचा वीस एमबीचा वेग झेपेल का हो आपल्या लाईनला?" सूनबाईने विचारलं. "आत्ता आठ येतोय. सारखं चित्र गोठतं. माझे हात मध्येच अडकले की समोरच्याला अर्धंच वाक्य कळतं."

सूनबाई खुणांच्या भाषेची दुभाषी. दवाखान्यात डॉक्टर बोलायचे आणि ती घरी बसून व्हिडिओवर ते बहिऱ्या पेशंटला हातांनी सांगायची. गेल्या आठवड्यात गोळी दिवसातून दोनदा की दोन दिवसांतून एकदा, यावरून असा घोळ झाला की ऑफिसने तिला महिनाअखेरची मुदत दिली. तोवर वेग वाढला नाही तर काम दुसऱ्याला.

काकांनी उगाचच चष्मा पुसला. येता येता सिग्नल किती झिजला, हे एक आकडा सांगत होता. अडतीस! एवढी झीज पावणेतीन किलोमीटरच्या तारेला शोभली असती. इथे एक्सचेंज चालत दहा मिनिटांवर. म्हणजे चोर घरातच होता, आणि तो कुठे दडलाय हे काकांना नेमकं ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी काकू अंथरुणाला खिळल्या, तेव्हा त्यांच्या उशाशी फोन हवा म्हणून काकांनी घाईघाईत आतल्या खोलीत तार ओढली होती. जोडायला पक्का कनेक्टर हाताशी नव्हता. दोन तारा बोटांनी पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली. चार दिवसांची सोय म्हणून केलेलं काम. काकू गेल्या, फोन गेला, जोडापुढे कपाट आलं आणि चार दिवस संपलेच नाहीत.

आणि हे कुणी करावं? मीटरकाकांनी! पिळून टेप लावलेला जोड दिसला की ज्यांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा, त्यांनी. असल्याच एका जोडापायी त्यांनी हाताखालच्या एका मुलीची बढती वर्षभर अडवली होती. तिला रडू कोसळलं तरी ते बधले नव्हते. आता या भागाच्या लाईनी तीच बघायची. तक्रार दिली की तीच येणार.

"नाही झेपणार," काका म्हणाले. "लाईनच लांबची आहे आपली."

"तुम्ही म्हणताय म्हणजे विषयच संपला," सूनबाई म्हणाली. तिने तिथल्या तिथे साहेबांना लिहून टाकलं आणि काकांना वाचूनही दाखवलं. 'माझ्या सासऱ्यांनी स्वतः तपासलं आहे. त्यांच्या शब्दापुढे मी जात नाही.'

तिने शंका घेतली असती तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती बाहेर पडल्याबरोबर ते कपाटाला भिडले. खांदा लावला, पाठ लावली, शेवटी त्याला शिव्याही घालून पाहिल्या. कपाट तसूभर हललं नाही, काकांची कंबर मात्र धरली. आठवडाभर ते वाकून चालत होते आणि सूनबाई रोज न विसरता तेल गरम करून देत होती. ती वाटी हातात घेताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज सांगू, उद्या सांगू, करता करता मुदतीला दोनच दिवस उरले.

आणि मग बढती अडवलेली ती मुलगी दारात आलीच. साहेबांनीच ऑफिसतर्फे एकदा लाईन तपासायला सांगितलं होतं.

"सर! तुमच्या घरी लाईन तपासायची म्हणजे परीक्षाच की," ती दारातच हसली. तिने आधी बाहेरच्या भिंतीवरच्या पेटीला मीटर लावला. झीज तेरा. चोवीसचा वेग आरामात येईल, म्हणाली. मग राउटरपाशी लावला. अडतीस. तिने काकांकडे पाहिलं, काकांनी खिडकीबाहेर. ती तारेच्या मागोमाग आतल्या खोलीत गेली. ती आणि सूनबाई, दोघींनी मिळून कपाट सरकवलं.

टेप चिकट होऊन ओघळली होती. आतलं तांबं हिरवं पडलं होतं.

"हे कुणी केलंय?"

सूनबाईने एकदा काकांच्या तोंडाकडे पाहिलं. "एक वायरमन आला होता मागे," ती म्हणाली. "पार कामचुकार."

 आपल्यासाठी सून खोटं बोलतेय हे कळूनही काकांनी ते तसंच खपू दिलं, आणि त्या क्षणी त्यांना स्वतःची शिसारी आली.

दहा मिनिटांत जुनी तार निघाली. मग लाईन बघायला आलेल्या मुलीने कंपनीला फोन लावून वेग वाढवून घेतला. वीस! सूनबाईने लगेच साहेबांना व्हिडिओ लावला. साहेब स्वतः बहिरे. दोघांचे हात भराभर चालू लागले, चित्र एकदाही गोठलं नाही. मग साहेबांनी काहीतरी विचारलं आणि तिचे हात थबकले.

"काय म्हणतायत?" काकांनी विचारलं.

"काही नाही, बाबा."

"सांग."

"विचारतायत, सासरे एवढे जाणकार, मग त्यांना कसं दिसलं नाही? मी सांगते, नजरचुकीने राहिलं म्हणून."

"नको." काकांनी तिला अडवलं. "मी बोलतो तेच सांग, जसंच्या तसं. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तो जोड माझ्याच हातचा. माझी लाज झाकायला मी खोटं बोललो. हिचं काम जात होतं, तरी बोललो."

दाराशी हत्यारं आवरणाऱ्या त्या मुलीचे हात थांबले. काकांनी तिकडे पाहिलं नाही.

शब्द कुणाचेही असोत, दुभाषी ते 'मी' म्हणूनच सांगतो. सूनबाईने बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. मी पाहिलं. मी जोडलं. मी खोटं बोलले. प्रत्येक वेळी बोट तिच्याच छातीवर. काका कॅमेऱ्यात दिसतच नव्हते; तिकडे साहेबांच्या कपाळावर आठी चढली आणि ते तिच्याकडेच रोखून पाहू लागले.

"ती नाही हो, मी!" काका ओरडले, पण साहेबांना ते ऐकू जाणार नव्हतं.

मग ते कमरेला हात लावून उठले, सूनबाईच्या पुढे जाऊन कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि स्वतःचं बोट त्यांनी स्वतःच्या छातीवर ठेवलं.