तिसऱ्या लॉटची सीतादही

तोफेचा गोळा कापसाच्या जोरावर उडतो, असं कांताबाईला कुणी मागच्या उन्हाळ्यात सांगितलं असतं, तर तिने त्याला आधी सावलीत बसवलं असतं, पाणी पाजलं असतं आणि मग विचारलं असतं, की बाबा, डोक्याला दुपट्टा न बांधता आलास का? दारव्ह्याचं ऊन माणसाच्या डोक्यात काय काय भरतं हे तिला ठाऊक होतं. पण सांगणारी बाई शिकलेली होती, सरकारी दारूगोळा कारखान्याच्या प्रयोगशाळेतून आली होती आणि दिवाळीनंतरच्या गुलाबी थंडीत सांगत होती. मग विश्वास ठेवणं भागच पडलं.

ही गोष्ट नानाजींच्या सरकी मिलमधली. जिनिंगमध्ये कापसाची रुई काढून घेतली की खाली उरते ती सरकी. तिचं तेल निघतं, ढेप निघते, ती ढेप खाऊन म्हशी दूध देतात, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत. पण सरकीच्या अंगाला जी बारीक लव चिकटून राहते तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. नानाजींची मशीन ती खरवडून काढी, व्यापारी तिला लिंटर म्हणत आणि पडेल भावात उचलून नेत. कांताबाई आणि तिच्या हाताखालच्या बाया त्या लवेतला कचरा वेचायच्या. दोन-तीन महिने काम, मग उरलेलं वर्ष हात रिकामे.

प्रयोगशाळेतल्या समीक्षा मॅडम पुसदच्या. लेकीच्या वयाची पोर, पण बोलायची अशी की मिलमधल्या बाया कान टवकारून ऐकत. तिने समजावून सांगितलं, की ही लव तेजाबात घालून तिच्यापासून गोळ्याला ढकलणारी दारू तयार होते. चांगली लव बरेचदा बाहेरून मागवावी लागते. इकडे जगातल्या मोठ्या देशांची एकमेकांशी अशी जुंपलेली, की ज्याच्याकडे जे आहे ते तो मुठीत दाबून बसलाय. उद्या त्यातला एखादा रुसला तर आपल्या तोफांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? आणि घरोघर कापूस पिकवणाऱ्या देशाने कापसाची लव दुसऱ्याच्या दारात मागायची, ही रीत तरी कुठली?

कारखान्याने नानाजींच्या मिलला तीन लॉटची संधी दिली. एक जरी पास झाला तर बाराही महिने मागणी, म्हणजे बायांना बाराही महिने काम. तिन्ही नापास झाले तर राम राम. मग आहेच पुन्हा पडेल भाव आणि रिकामे हात.

कांताबाईला त्यात आणखी एक होतं. तिचा संघदीप तोफखान्यात होता, वर कुठेतरी बर्फाच्या बाजूला. आजवर पोरगा सीमेवर आणि आई सरकीत, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. आता अचानक तो जुळला. रोज सकाळी मिलकडे निघताना तिची चाल बदलली, ती तिच्या नवऱ्याच्या, उकंडाच्या, लक्षात आली. तो म्हणाला, ही तर परेडलाच चालली. विहारातल्या एका बाईने मात्र तिला टोकलं, की तू पंचशील म्हणतेस आणि गोळ्याचा कापूस साफ करतेस, हे कसं काय? कांताबाईने त्यावर रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन उत्तर दिलं.

"दाराले कडी लावली म्हणजे का कोनाचा जीव घेतला का, बाई?"

पहिला लॉट नापास झाला, आणि तो व्हायलाच पाहिजे होता. त्यात केस निघाले, प्लॅस्टिकच्या पोत्यांचे धागे निघाले आणि तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्नीचा तुकडाही निघाला. कांताबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने दुसऱ्या दिवसापासून कायदा लावला. प्लॅस्टिकची पोती बंद, नायलॉनच्या साड्या बंद, खर्रा तर मिलच्या फाटकाबाहेर. डोक्याला पांढरी टोपी सगळ्यांनी घालायची, बायांनीही. टोपी घातलेल्या कांताबाईला बघून उकंडाने विचारलं, की कोणत्या पक्षाकडून उभी राहिलीस. तिने लक्ष दिलं नाही.

दुसरा लॉट दुधासारखा पांढरा गेला. बाया खूश, नानाजी खूश. आणि पंधरवड्याने समीक्षा मॅडम स्वतः आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्याने. काही गाठींच्या आत पिवळे तेलकट डाग सापडले होते. डाग हळदीचे. तिथे तेजाब नीट मुरत नाही, दारू सारखी होत नाही, आणि अशी दारू भरलेला गोळा कुठे जाऊन पडेल याचा भरवसा नसतो.

हळदीचं नाव निघताच नानाजींनी सगळ्यांसमोर बायांना हात पुढे करायला लावले. स्वयंपाक करून येणाऱ्या बायांचे हात ते, बोटांच्या पेरांत पिवळेपणा असायचाच. नानाजी वाईट माणूस नव्हते. कुणाच्या लेकीचं लग्न असो की कुणाचं दवाखान्यात अडलेलं असो, त्यांचं दार उघडं असे. पण त्या दिवशी त्यांचा तोल गेला. इतकं समजावून सांगितलं, तरी तुम्हाला हात धुवायची अक्कल नाही, असं ते मॅडमच्या देखत बोलून गेले. मथुराबाईसारखी फटकळ बाईही खाली मान घालून उभी राहिली. कांताबाईने तो घोट गिळला, कारण पेरं पिवळी होती हे तिच्याही डोळ्यांना दिसत होतं.

त्या रात्री संघदीपचा फोन आला तेव्हा तिने त्याला सहज म्हणून विचारलं, की गोळा कमी पडला, अलीकडेच पडला, तर काय होतं रे?

"आई, पुढं आपलेच पोट्टे असतेत न," तो म्हणाला.

मग काय, दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. कांताबाईने हळदच बंद करून टाकली. बायांच्या घरोघरी पांढरं वरण शिजायला लागलं. नवरे कुरकुरले, सासवा म्हणाल्या घरात कुणी आजारी आहे का. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मथुराबाई दोन्ही हात पाठीमागे बांधून गेली आणि म्हणाली, कपाळालाच लावा, हाताला नको. तिच्या भावकीत या गोष्टीची चर्चा अजून चालू आहे. हात तर इतके धुतले जात, की मिलमधली साबणाची वडी दोन दिवस टिकत नसे. कुठल्याही फौजेने पाळली नसेल एवढी शिस्त त्या बायांनी पाळली, आणि हे मी उगाच चढवून सांगत नाही.

तिसरा लॉट तयार झाला. शेवटचा. लवेचा ढीग गोदामात स्वच्छ चादरींवर पसरला होता, जेवणानंतर त्याच्या गाठी बांधायच्या होत्या, आणि नमुना घ्यायला समीक्षा मॅडम यायच्या होत्या. बाया बाहेर लिंबाखाली डबे उघडून बसल्या. कांताबाईचा चष्मा आत राहिला होता, तो आणायला ती परत गेली.

गोदामात नानाजी एकटे होते. टोपी होती डोक्यावर, तेवढा नियम त्यांनी पाळला होता. हातात स्टीलचा डबा. डब्यातला दहीभात चिमटीने घेऊन ते ढिगाच्या एकेका कोपऱ्यात ठेवत होते. ठेवून झाल्यावर वर हळद, आणि मग ती जागा लवेने हलकेच झाकून टाकत होते.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. कांताबाईच्या डोळ्यांपुढे पांढरं वरण आलं, मथुराबाईची खाली गेलेली मान आली.

"नानाजी, हे का करून राह्यले तुमी?"

नानाजी दचकले. मग चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे नव्हे, तर पूजेत कुणी टोकल्यासारखे थोडे नाराज झाले. सीतादही आहे, म्हणाले. कापसाच्या पहिल्या वेच्याला शेताच्या चार कोपऱ्यांत दहीभात शिंपडायचा, ही त्यांच्या घरची जुनी चाल. त्यांची बायको कोकिळा दरसाल करायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि नानाजींनी शेत मक्त्याने दिलं. तिच्याशिवाय शेताच्या त्या धुऱ्यावर, बांधावर, उभं राहवेना.

"मंग कुठं करू, सांगा?" ते म्हणाले. "आन् हे तं देशाचं काम हाय. म्हनलं, तिचा हात लागल्याबिगर हा माल जाऊ नये. मागच्या खेपीलेबी केलतं."

हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडातून बाहेर पडलं आणि तिथेच त्यांना ते कळलं. इतके दिवस कळलं नव्हतं. माणूस आपल्या श्रद्धेचा डाग पडू शकतो असं धरूनच चालत नाही, त्याला काय करणार? त्यांनी डब्याकडे पाहिलं, स्वतःच्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं आणि मट्टकन खाली बसले.

कांताबाईला राग आला आणि रडूही आलं. कोकिळाबाईच्या हातचं तिनेही खाल्लं होतं. ती कधी कुणाचं ताट वेगळं ठेवणारी बाई नव्हती. पण रडू मागे ठेवून कांताबाईने राग आधी बोलून घेतला.

"हा दहीभात मी उचलून टाकतो, खालची लवबी काढून टाकतो. कोनाले समजनार नाई. पन आमचे हात तुमी चारचौघात पाह्यले, नानाजी. त्याचं का करता?"

नानाजींनी डब्याला झाकण लावलं. मग उठले आणि बाहेर लिंबाखाली गेले. कांताबाईला वाटलं, चिडून घरी निघाले. ती दारापर्यंत आली तर नानाजी बायांच्या पुढ्यात उभे होते, आणि नेमक्या त्याच वेळी समीक्षा मॅडमची गाडी फाटकातून आत येत होती. मॅडमला बघून ते गप्प बसले असते तर कुणी त्यांना दोष दिला नसता. लॉट शेवटचा होता. पण त्यांनी मॅडमला हाताने जवळ बोलावलं आणि तिच्यासमोरच सांगितलं, की मागचे डाग या बायांच्या हातचे नव्हते, माझ्या हातचे होते, आणि आजही मी तेच करून बसलो आहे. घ्यायचा तर घ्या माल, नाही तर नका घेऊ. पण दोष यांच्या नावावर नको.

मथुराबाईने विचारलं, की म्हणजे आम्ही महिनाभर पांढरं वरण खाल्लं ते फुकटच का? त्यावर पहिल्यांदा हसली ती समीक्षा. मग तिने पर्स बाजूला ठेवली, टोपी घातली आणि सांगितलं, की खराब झालेली लव सगळी बाजूला काढा, उरलेली पुन्हा वेचा, मी थांबते, आणि नमुना मला वाटेल तिथून घेईन, त्यात मात्र कुणाची भीड धरणार नाही.

संध्याकाळपर्यंत सगळे बसले. नानाजीही हात धुऊन बायांच्या रांगेत बसले. त्यांच्या दृष्टीला लवेतला भाताचा कण दिसेना, तेव्हा मथुराबाई त्यांच्या पुढ्यातला गठ्ठा ओढून आपल्याकडे घेई आणि पुटपुटे. कांताबाईने शेवटचा हात फिरवला. समीक्षाने ढिगाच्या पोटातून, तळातून, कोपऱ्यांतून नमुने घेतले आणि ती गेली.

पुढचे दिवस कसे गेले ते बायांनाच ठाऊक. लॉट पास झाल्याचं समीक्षाने फोन करून नानाजींना सांगितलं, तर ते म्हणाले, थांबा, आणि त्यांनी फोन कांताबाईच्या हातात दिला. तिने ऐकलं, मॅडमचे नीट आभार मानले आणि फोन परत केला. मग मशीनच्या आवाजात ओरडून बायांना सांगितलं. मथुराबाईने त्याच दिवशी घरी जाऊन वरणात दुप्पट हळद टाकली.

नानाजींनी शेत मक्त्याने करणाऱ्याला विचारून एक दिवस मागून घेतला. पहिला वेचा केव्हाच होऊन गेला होता, झाडांवर शेवटचा कापूस लोंबत होता. सीतादही अशा वेळी कुणी करत नाही. पण शेतातलं शेतात व्हावं, गोदामात नाही, हे कांताबाईचं म्हणणं त्यांना पटलं होतं. मिलमधल्या साऱ्या बायांना त्यांनी बोलावलं. कांताबाईने आधीच सांगून ठेवलं, की हात जोडणार नाही, आमच्याकडे ते आजोबांपासून सुटलं, जेवायला मात्र येईन. नानाजी म्हणाले, जेवायलाच बोलावतो आहे.

त्यांनी चारही कोपऱ्यांत दहीभात शिंपडला. मग हात जोडून उभे राहिले आणि अडले. कोकिळा या वेळी ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत असे. काय, ते एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांनी बायांकडे पाहिलं. मथुराबाईच्या घरी कधी शेत नव्हतं, तिलाही माहीत नव्हतं.

"तुमच्या मनात असन ते म्हना," कांताबाई म्हणाली.

नानाजींनी डोळे मिटले. पिकाचं मागतील, मिलच्या बरकतीचं मागतील, असं तिला वाटलं.

"गोळा चालवाची पाळीच नोको येऊ देजो," ते म्हणाले. "आन् आली, तं आमचा गोळा कमी नोको पडू देजो. कांताबाईचा संघदीप धडधाकट घरी येऊ दे."

कांताबाईने हात जोडले नाहीत. पदराने डोळे पुसले, धुऱ्यावर बायांच्या पंगतीत मांडी घालून बसली आणि नानाजी वाढायला आले तेव्हा पत्रावळ पुढे केली. त्यांनी वाढला तेवढा दहीभात तिने खाल्ला आणि आणखी मागून घेतला.