चांदणीखालची वर्तुळं

माझ्या मास्तरांनी एका पत्राला वर्षानुवर्षं उत्तर दिलं नाही. ते त्यांनी फाडलं नाही, फेकलंही नाही. माझ्याच पानांत ठेवून दिलं. त्यामुळे मित्रांनो, मला ते पाठ आहे.

मी एक जुनं पुस्तक आहे, आणि तसं फार मोठंही नाही. इस्लामी कला आणि वास्तुकला यांची तोंडओळख करून देणं, एवढंच माझं काम. चौकोनी खोलीवर गोल घुमट कसा बसतो, कमानीचा भार कुठे जातो, अक्षरांची नक्षी कशी होते, हे मी सोप्या शब्दांत सांगतो. कपाटातले जाडजूड ग्रंथ मला 'बालवाडी' म्हणत. त्यांचं फारसं चुकत नसावं. पण ते जाळीची तयार नक्षी दाखवत, आणि मी तिच्याखालची पुसट वर्तुळंही दाखवत असे. आधी वर्तुळ काढायचं, त्याचे सारखे भाग करायचे, मग रेघा जोडायच्या, आणि शेवटी वर्तुळ पुसून टाकायचं.

मास्तर तेव्हा चित्रशाळेत शिकत होते. त्यांचा मित्र सुताराच्या घरचा. त्याला सगळे ठोक्या म्हणत. मला मधे ठेवून दोघं जमिनीवर पालथे पडत आणि कंपास फिरवत माझ्यातली दहा टोकांची चांदणी काढत बसत. एकदा ठोक्यानं कंपासचं टोक थेट माझ्या पानात रोवलं.

"अरे मेल्या, पुस्तक आहे ते, पाट नव्हे!" मास्तर ओरडले.

"पंडित, भोक पडलं म्हणजे पुस्तक वापरात आलं. नुसतं ठेवून काय लोणचं घालणार आहेस त्याचं?"

मला दुखलं, पण इतक्या जवळून मला कुणी वाचलं नव्हतं.

पुढे ठोक्या दूरच्या गावी वडिलांच्या कारखान्यात गेला. मास्तर शाळेत चित्रकला शिकवू लागले. त्यांनी मला आधी खाकी कव्हर घातलं, मग त्यावर प्लास्टिक, मग कुलपाचं कपाट. कुणी मला मागितलं की ते म्हणत, "आधी हात धुऊन या." हात धुऊन येईपर्यंत कपाट बंद झालेलं असे.

आणि मग ते पत्र आलं.

'पंडित, आमच्या मशिदीची दुरुस्ती चालली आहे. एक खिडकी माझ्याकडे आली. तिच्या जाळीत आपली दहा टोकांची चांदणी कोरायची आहे. चांदणी डोळ्यांपुढे आहे, खालची वर्तुळं विसरलो. पुस्तक पाठव, नाहीतर त्या पानाची नक्कल तरी धाड. महिनाभर थांबतो. मग नाइलाजानं उभे गज ठोकीन.'

मास्तरांना आनंद झाला. पण मला पाठवायचं त्यांच्या जिवावर आलं. टपालात गहाळ झालो तर? म्हणून ते नक्कल करायला बसले. घाईत वर्तुळं सोडून थेट चांदणीच्याच रेघा गिरवू लागले. ट्रेसिंग पेपर केसभर सरके, आणि शेवटची रेघ पहिलीला भेटतच नसे. कागद चुरगळायचा, दुसरा घ्यायचा.

"असली वेडीवाकडी नक्कल कशी धाडू? हसेल तो मला," ते पुटपुटत.

हसला असता, तर काय बिघडलं असतं? महिना उलटला. मग उशिराची लाज वाटू लागली, आणि त्या लाजेपायी आणखी उशीर.

काही वर्षांनी त्यांचा एक माजी विद्यार्थी त्या गावाहून आला. म्हणाला, "सर, मशीद फार सुंदर आहे. एका खिडकीला मात्र नुसते उभे गज आहेत. का, कोण जाणे."

त्यानंतर मी बाहेर निघालो नाही. कसर लागली, पाठ उसवली. मला कुणी मळवलं नाही हे खरं. पण कुणी शिकलंही नाही.

परवा मुलाकडे राहायला जायचं म्हणून मास्तरांच्या बाईंनी कपाट रिकामं करायला घेतलं.

"अहो, हे पत्र कुणाचं?"

"ठोक्याचं. उत्तर द्यायचं राहिलंय."

बाईंनी तारीख पाहून कपाळावर हात मारला. "राहिलंय? तेव्हा जन्मलेली पोरं आता बाप झाली की हो!"

"आता काय उपयोग? तो तरी आहे की नाही..."

"तो नसेल, तर त्याच्या घरचं कुणी असेल. आणि गज काही देवानं ठोकलेले नाहीत. काढता येतात."

"बरं. आधी नीट चार ओळी लिहितो."

"झालं! म्हणजे गेली आणखी तीस वर्षं. चपला घाला."

मास्तरांनी माझ्या पहिल्या पानावर एवढंच लिहिलं : 'ठोक्या, नक्कल जमली नाही. पुस्तकच घे.'

मित्रांनो, आम्हाला जरूर जपा. पण ज्याला आमची गरज आहे त्याच्या हाती वेळेवर द्या. मळलो तर मळू. जाळी त्या खिडकीत लागेल का, ठोक्या मला उघडायला असेल का, हे मला कागदाच्या गुंडाळीत काय कळणार?

टपाल कचेरीत खिडकीपलीकडच्या बाईंनी मला धरलं. अलीकडून मास्तरांनीही धरून ठेवलं होतं.

"काका," त्या हसून म्हणाल्या, "सोडा आता."

मास्तरांनी सोडलं.