एक पट्टी खाली

तिनं नादकाटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला आणि मुद्दाम एक पट्टी खालचा सूर गुणगुणला.

चर्चच्या गायकवृंदात वाद्याशिवाय स्तोत्र म्हणायची रीत होती. पहिला सूर एकानं द्यायचा, बाकीच्यांनी झेलायचा. वर्षभर ते काम तिचं होतं, आणि वर्षभरात तिचा सूर केसभरही हलला नव्हता.

आज तिनं हलवला, तो दादासाठी. स्तोत्रातली सगळ्यांत वरची ओळ तो एकटा म्हणायचा. सकाळी घरी आरशासमोर तीच ओळ म्हणताना त्याचा आवाज फाटला होता, आणि ती नेमकी दारात उभी होती.

"हसलीस तर बघ."

"हसत नाहीये. मी सूर खाली देते. कुणाला कळतंय?"

"सरांना कळेल. मला कळेल."

"तू अडखळलास की ओळ माझ्याकडे येणार. लोक म्हणतील, टपूनच बसली होती."

"बसली नव्हतीस?"

त्यावर तिनं नुसतीच वेणी घट्ट केली होती. बसली होती की. दोन वर्षं, रोज न्हाणीघरात तीच ओळ. पण भरल्या चर्चमध्ये त्याची फजिती होऊन ती मिळायला नको होती.

आता खालचा सूर दगडी भिंतींत घुमला. मागच्या जाड आवाजांच्या रांगेतून बेकरीवाले काका पुटपुटले, "अगं, आम्हाला काय तळघरात उतरवतेस?"

स्तोत्र सुरू करायला उचललेला सरांचा हात हवेतच थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर हलवली नाही.

तेवढ्यात दादानं घसा खाकरला आणि शांतपणे खरा सूर गुणगुणला. एक पट्टी वर. सगळ्यांनी तोच उचलला. सरांचा हात खाली आला.

तिचे कान तापले. दीडशहाणा. पड आता तोंडावर.

स्तोत्र चढत गेलं. मग बाकीचे थांबले आणि दादा एकटा गाऊ लागला. एकेक पायरी चढत होता, स्वच्छ, न घाबरता. वरच्या ओळीच्या तोंडाशी आला आणि त्यानं ओठ मिटले. तिच्याकडे पाहिलं, आणि बसमध्ये खिडकीची जागा सोडताना सरकायचा तसा बाजूला सरकला.

विचार करायला वेळ नव्हता. श्वास मात्र होता. तिनं पाऊल पुढे टाकलं आणि वरचा सूर लावला.

ओळ संपवून तिनं मागे पाहिलं, तेव्हा दादा जाड आवाजांच्या रांगेत, बेकरीवाल्या काकांशेजारी उभा होता.