निळ्या दोरीने बांधलेला गारठा

मी एक जुना थर्माकोलचा खोका आहे. मित्रांनो, हसू नका. माझं वजन कोंबडीपेक्षा कमी असलं, तरी माझ्या पोटातला गारठा असा, की एकदा एक माशी आत डोकावून शिंकली, तर ती शिंक गोठून टण्णकन खाली पडली!

डेन्मार्कच्या एका कारखान्यात, वाफेच्या साच्यातून माझा जन्म झाला. माझ्याबरोबर माझा जुळा भाऊही निघाला. जहाजातून आम्ही फेरो बेटांवर आलो. भाऊ मेंढीचं मटण वाहू लागला, कारण इथल्यांचे निम्मे नातेवाईक कोपनहेगनला राहतात आणि घरचं मटण पोचल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नाही. मी मात्र इस्पितळात लागलो. माझ्यात कोरडा बर्फ भरायचे. त्याचं पाणी होत नाही, तो धूर होऊन उडून जातो. त्यात माशांचं रक्त, देवमाशाची चरबी, माणसांच्या आजारांचे नमुने ठेवून मला विमानाने कोपनहेगनच्या प्रयोगशाळेत धाडायचे.

"हा खोका फार इमानी हं," डॉक्टर रान्वाबाई म्हणायच्या. मग मी इतका फुगायचो, की झाकण बसायचं नाही.

मित्रांनो, पण तो उन्हाळा आठवला की अजून माझे दाणे सुटतात. हॉग्नी नावाच्या कोळ्याचा मुलगा, बॉरुर, आधीच झोपेत दगावला होता. का गेला, ते तेव्हा कुठल्याच तपासणीत कळेना. त्याच्या यकृताचा नखाएवढा तुकडा तेवढा रान्वाबाईंनी गोठवून ठेवला होता. आता त्याची तान्ही बहीण एय्दनाही तशीच ग्लानीत जाऊ लागली. कोपनहेगनला नवी तपासणी निघाली होती, पण ती यकृताच्या तुकड्यावरच व्हायची आणि तान्ह्या बाळाचा तुकडा काढणं धोक्याचं होतं.

"कारण सापडलं तर औषध देता येईल," रान्वाबाई म्हणाल्या.

"आणि वाटेत तुकडा वितळला तर?" बाळाच्या आईने, मार्युनने विचारलं.

रान्वाबाईंनी माझं झाकण आणखी घट्ट दाबलं.

हॉग्नी मला घेऊन विमानतळावर आला आणि धुकं उतरलं. असं दाट, की मेंढ्या एकमेकींच्या शेपट्या धरून चरत होत्या! विमान काही येईना.

"ताई, कधी सुटेल?" हॉग्नीने तिकिटांच्या खिडकीवरच्या बाईला विचारलं.

"धुक्याला विचार बाबा. मी नुसती तिकिटं बघते."

"अगं, माझा बर्फ उडून चाललाय!"

नवा बर्फ बेटावर नव्हता. तोही त्याच विमानाने यायचा.

मागून एक मासेमार हसला. "का रे, मटण आंबतंय होय? आंबू दे की, आपल्या बेटांवर आंबवलेलं मटणच तर आवडीने खातात!"

"मटण नाहीये," हॉग्नी म्हणाला. "माझा मुलगा आहे."



दमट धुक्याने मी भिजू लागलो. हॉग्नीने माझ्यावर काळी पिशवी चढवली, धूर निघायला कोपरा उघडा ठेवला आणि जाळ्याच्या निळ्या दोरीने मला बांधलं. या बेटांवर निळ्या दोरीशिवाय खोका घराबाहेर पडत नाही. त्याचे हात सवयीने चालले आणि रान्वाबाईंनी माझ्यावर चिकटवलेली, नाव-पत्त्याची लाल चिठ्ठी पिशवीखाली गेली.

एकदाचं विमान उडालं. कोपनहेगनच्या विमानतळावर, सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर बघतो तर काय, सगळेच खोके काळ्या पिशवीत, निळ्या दोरीत! जागरणाने आंधळा झालेला हॉग्नी माझ्या जुळ्या भावाला उचलून धावत सुटला. मी ओरडलो, पण थर्माकोलचं ओरडणं कोण ऐकणार? मला म्हाताऱ्या बिल्लाआत्याने उचललं. ती बेटांवर माहेरपण करून, माझ्या भावात मटण भरून परतत होती.

घरी तिने झाकण काढलं. भसकन धूर!

"अगं बाई, मटण पेटलं!"

मग तिला इवलीशी कुपी दिसली. तिच्यावर बॉरुरचं नाव होतं. इवल्याशा बेटांवर मेलेल्या लेकराचं नाव कुणाला ठाऊक नसतं? तिने झाकण थाडकन लावलं, पिशवी फाडून चिठ्ठीवरचा पत्ता वाचला, मला लोकरी शालीत गुंडाळलं आणि टॅक्सी थांबवली.

"आजी, गुदमरेल ना बाळ! तोंड तरी उघडं ठेवा."

"तोंड उघडलं तर मरेल. तू समोर बघ!"

प्रयोगशाळेत हॉग्नी जमिनीवर बसला होता. समोर मेंढीची तंगडी. माझा भाऊ मला म्हणाला, "मघापासून हा त्या तंगडीकडेच बघतोय रे."

माझ्या तळाशी बर्फाचा शेवटचा खडा होता, चण्याएवढा. कुपी त्याला चिकटून होती.

"गोठलेला आहे," तिथली बाई म्हणाली. "पण एवढासाच. तपासणीत सगळा संपेल. परत द्यायला काही उरणार नाही."

हॉग्नीने मार्युनला फोन लावला. 

"वापरा म्हणावं," ती म्हणाली. "थोरला भाऊ आहे तो तिचा."

कारण सापडलं. एय्दनाला रोज एक पूड पाजतात. आता ती मेंढ्यांमागे धावते आणि मेंढ्याच दमतात.

मी रिकामाच परतलो. मार्युन इस्पितळात आली, माझं झाकण काढलं आणि आत हात घालून चारही कोपरे चाचपत राहिली. मित्रांनो, तेव्हा पहिल्यांदा मला माझ्या रिकामपणाची लाज वाटली.

आता मला तडा गेलाय, मी अडगळीत आहे. त्याचं काही नाही. पण कुणाचाही खोका उचलण्याआधी त्यावरचं नाव वाचा, आणि नाव झाकलं असेल तर आधी ते उघडं करा. आत नुसतं मटण असेलही. नाहीतर कुणाचं तरी सगळं उरलंसुरलं असेल.